वन्संची बिऱ्हाडं

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खुर्चीत, त्यांचाच चष्मा लावून बसले होते. माझा चष्मा कुठे होता ते विचारू नका, डोक्यावर होता. समोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि खाली एक आकडा मुंगीच्या पावलांनी वर चढत होता... एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. दवाखान्यात माझा मुलगा निखिल होता, मी अकराला डबा घेऊन जाणार होते. फोन वाजला. "आई, आत्या गेली," निखिल म्हणाला. आणि मी, पंचाहत्तर वर्षांची, दोन नातवंडांची आजी, चार माणसांत जरा शहाणी म्हणून खपणारी बाई, त्याला म्हणाले, "थांब रे जरा, चौसष्ट टक्के झालंय."

आईच्या डोक्यावर परिणाम झाला असं निखिलला वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. परिणाम झालाच होता, पण तो बारा वर्षांपूर्वी, आणि करणाऱ्या वन्संच होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "वहिनी, त्र्यंबकचं बिऱ्हाड नव्या मशीनवर हलव. मी असेपर्यंत हलव, म्हणजे अडलं तर विचारता येईल." ते बिऱ्हाड चौसष्ट टक्के हललं होतं. उरलेले छत्तीस टक्के थांबायला वन्संचं काय जात होतं, असा मला त्या क्षणी खरोखर राग आला. रडू मागून आलं. आधी राग.

वन्सं म्हणजे माझी नणंद, प्रमिला. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, संगणक विभागात, तेहतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. दोन्ही गोष्टींबद्दल कधी कुणाला खुलासा दिला नाही. मी लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा कारखान्यातला संगणक एका अख्ख्या खोलीएवढा होता आणि त्या खोलीला थंड हवेचं यंत्र होतं. आमच्या घरात साधा पंखा एकच, तोही सासूबाईंच्या डोक्यावर. वन्सं सकाळी कारखान्याच्या बसला जायच्या, संध्याकाळी यायच्या, आणि उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या अंगाला घाम नसायचा. मला वाटायचं, हा स्वभाव आहे.

आणि मी... काय सांगू. मी पुण्याहून आलेली, एम.ए. भूगोल. गोदावरीचा उगम मीच शोधून काढलाय आणि आता नाशिककरांना दाखवायला आले आहे, अशा थाटात आलेली. माहेरहून मी माझी स्वतःची चहाची गाळणी आणली होती. गाळणी. आज ती मुलगी भेटली तर तिला कोपऱ्यात घेऊन दोन शब्द सुनवीन. वन्संच्या राज्यात ओट्यावरच्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती: तूरडाळ, हरभराडाळ, साबुदाणा, आणि एका डब्यावर 'हा डबा रिकामा आहे'. रिकाम्या डब्याला चिठ्ठी कशाला, म्हणून मी त्यात पोहे भरले. संध्याकाळी वन्सं आल्या. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही भूगोल शिकलात ना?"

एवढंच. एवढ्या एका वाक्यावर मी वेगळी चूल मागितली.

सासूबाई म्हणाल्या, एका घरात दोन चुली, लोक काय म्हणतील. ह्यांनी मधला मार्ग काढला, जो कुठल्याही मधल्या मार्गाइतकाच मूर्खपणाचा होता. ओटा तोच, पण शेगड्या दोन. डावीकडे वन्संची, उजवीकडे माझी. सिलिंडर मात्र एकच मिळायचा, म्हणून त्यालाच दोन नळ्या. मी ओट्याच्या मधोमध खडूनं रेघ मारली. ओटा पुसला की रेघ जायची, मग एम.ए. झालेली बाई रोज सकाळी पुन्हा रेघ मारायची. तिकडे वन्संनी वरणासाठी आच मोठी केली की इकडे माझी आच बारीक व्हायची, आणि मी समजायचे की हे मुद्दाम चाललंय. अकरा महिने हा संसार चालला. गौरीजेवणाच्या दिवशी, पुरणाच्या कटाचं पाणी उकळत असताना सिलिंडर संपला आणि दोन्ही राज्यं एकदम विझली. दोघींनी शेजारणीच्या रॉकेलच्या स्टोव्हवर पुरण घाटलं. त्या दिवसानंतर रेघ मारायचं राहूनच गेलं.

वर्षं गेली. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, वन्सं कारखान्यातून. सासूबाई गेल्या, निखिलनं गंगापूर रोडला घर घेतलं. बारा वर्षांपूर्वी हे गेले. मग घरात आम्ही दोघीच उरलो. मी दिवसभर खिडकीशी बसून असायचे. महिनाभर वन्सं काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी माझ्या पुढ्यात कीबोर्ड आणून ठेवला आणि म्हणाल्या, "रडायचं तर रड. पण एका हातानं टाइप कर."

तर मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला लागले. वन्संच्या मशीनवर लिनक्स होतं. मी नातवंडांसाठी नद्यांची कोडी तयार केली: संगणक नदीचं नाव सांगणार, पोरांनी उगम सांगायचा. पायथन नावाची भाषा होती, ती मला लवकर जमली, कारण तिच्यात सगळा भर ओळी समासात नीट लावण्यावर असतो आणि मी वीस वर्षं पोरींच्या वह्यांचे समास तपासले होते. वन्सं मागे उभ्या राहून पाहायच्या आणि फार आवडलं तर म्हणायच्या, "चालेल." त्यांच्या शब्दकोशात याच्या वर शब्द नव्हता.

घात माझ्या आवरासावरीनं केला. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या मशीनमध्ये पायथन दोन आहेत, एक जुना, एक नवा. एका घरात दोन कशाला, जुना कोण वापरतंय? मी जुना काढायचा हुकूम सोडला. मशीननं विचारलं, यासोबत हेही निघेल, चालेल का? आणि दोन-तीन पानं भरून यादी दाखवली. आता इतकी यादी कोण वाचतं. घर आवरायला काढलं की अडगळ निघायचीच, असं म्हणून मी हो म्हटलं. बराच वेळ मशीन मन लावून काम करत होतं. मग पडदा काळा झाला तो झालाच.

वन्सं बाजारातून आल्या. हातात मेथीची जुडी.

"काय केलंस?"

"आवरलं."

"काय आवरलंस?"

"जुना पायथन."

त्यांनी मेथी खाली ठेवली. "तुम्ही... पायथन आवरलात." वन्सं एरवी मला अगं-तुगं करायच्या, अहो-जाहो केलं की समजायचं, प्रकरण गौरीजेवणाच्या पलीकडे गेलंय. ज्या जुन्या पायथनला मी अडगळ समजले, त्याच्यावर त्या मशीनचं अर्धं घरकाम चालत होतं. पडदासुद्धा त्याच्याच भरवशावर उभा होता. दोन दिवस त्या मशीन दुरुस्त करत होत्या आणि मी न बोलता त्यांना मेथीचे पराठे पुरवत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "आजपासून तू या घरात राहायचं नाहीस." मी उठायला लागले. "या मशीनमध्ये म्हणतेय मी. तुला मी वेगळं बिऱ्हाड करून देते."

जग त्याला कंटेनर म्हणतं. सिस्टिम कंटेनर. मला आधी वाटलं, मालट्रकवर असतो तसला काही. वन्सं म्हणाल्या, "नाही. जुन्या घरांत एकेक खोली भाड्यानं द्यायचे, तसं समज. दार वेगळं, कुलूप वेगळं, मोरी वेगळी. आतल्या माणसाला वाटतं अख्खं घर माझंच. आत पूर्ण लिनक्स असतं. तू तिथे काहीही बसव, काहीही मोड, पायथन काढ नाहीतर डोक्यावर घे, शेजारच्या बिऱ्हाडाला पत्ता लागत नाही." मी विचारलं, मग सरळ दुसरं मशीन का नाही? "त्याला दुसरं घर बांधावं लागतं. मशीनच्या पोटात आणखी एक मशीन असल्याचा देखावाही उभा करता येतो, पण या म्हाताऱ्याला तो झेपायचा नाही. बिऱ्हाडाला फार लागत नाही. कारण मुळातला गाभा, कर्नल म्हणतात त्याला, तो सगळ्यांत मिळून एकच." माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नसावं. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, दोन शेगड्या आणि एक सिलिंडर."

चाळीस वर्षं ही बाई ते वाक्य जपून होती. मला सगळं एका क्षणात समजलं. वरणाची आच मोठी झाली की शेजारची बारीक का होते, तेसुद्धा. "त्यावर मर्यादा घालता येते," वन्सं म्हणाल्या, "कुठल्या बिऱ्हाडानं किती ओढायचं ते. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं." या 'आपल्याला'वर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते.

माझ्या बिऱ्हाडाचं नाव त्यांनी ठेवलं 'वहिनी'. त्यांची स्वतःची पाच-सहा होती. एकात नवं लिनक्स, एकात जुनं, एकात कसलासा प्रयोग. आणि त्यांनी मला स्नॅपशॉट शिकवला. बिऱ्हाडाचा त्या क्षणाचा फोटो. पण भिंतीवर लावायचा नव्हे; या फोटोत परत राहायला जाता येतं. काही बिघडलं की मागचा फोटो काढायचा आणि त्यात जाऊन बसायचं, जणू मधलं काही झालंच नाही. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती कधीच केली नाही. विसरायचे. तरी माझं बिऱ्हाड छान चालायचं. संध्याकाळी मी काहीतरी मोडून उठायचे, सकाळी बसले की सगळं ठीक. मी नातीला फोनवर सांगायचे, "सई, यंत्राला रात्रीची विश्रांती दिली की ते आपोआप बरं होतं." सई बंगळूरला संगणकातच नोकरी करते. ती म्हणायची, "आजी, असं होत नाही." मी म्हणायचे, "तुमच्याकडे होत नसेल."

वन्संच्या सगळ्या बिऱ्हाडांत महत्त्वाचं एकच, ते म्हणजे त्र्यंबकचं. आमचे उपाध्ये वामनगुरुजी त्र्यंबकेश्वरला असतात. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत: गावोगावची कुळं, कोण कधी आलं, बापाचं नाव, आजाचं नाव. गुरुजींच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी त्या वह्या एका टायपिंगवाल्याकडून संगणकावर उतरवून घेतल्या. पण तेव्हाचा मराठी फाँट वेगळा. नव्या संगणकावर ती फाइल उघडली की गोविंद, नारायण, काशीबाई यांच्या जागी सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती खिचडी निवडून पुन्हा मराठी करणारा प्रोग्रॅम वन्संनी लिहिला होता, पण तो चालायचा फक्त जुन्या लिनक्सवर, जुन्या पायथनवर. हो, तोच. म्हणून त्यांनी ते जुनं जग जसंच्या तसं एका बिऱ्हाडात वसवून ठेवलं. बाहेर कितीही नवं येवो, त्या खोलीत काळ थांबलेला. गुरुजी त्र्यंबकला बसून फोनवर गावाचं नाव टाकायचे आणि आमच्या घरातून उत्तर जायचं. वन्संचा देवावर विश्वास नव्हता. नोंदींवर होता.

पुढे गुरुजींच्या तीन वह्यांना वाळवी लागली. आता त्या तीन वह्यांतली माणसं जगात एकाच ठिकाणी होती, वन्संच्या बिऱ्हाडात. वन्संनी खबरदारी म्हणून सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून गुरुजींना दिलं आणि सांगितलं, जपून ठेवा. गुरुजींनी देव्हाऱ्यात ठेवला. दसऱ्याला घरातल्या अवजारांबरोबर त्याचीही पूजा केली. पाणी शिंपडून, हळदकुंकू वाहून, वर फूल. वन्संनी तो उघडून पाहिला तेव्हा आतून कुंकू निघालं. त्या गुरुजींना एवढंच म्हणाल्या, "पूजा यथासांग झाली." आणि घरी येऊन मला म्हणाल्या, "दुसरा देण्यात अर्थ नाही. पाडव्याला त्याचीही होईल."

या वर्षी वन्संच्या फुप्फुसात पाणी झालं आणि त्यांच्या मशीनच्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, दोन्ही एकाच महिन्यात. मंदाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, सायखेड्याच्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, ताईंचं यंत्र लय कण्हतंय. त्याला बी दवाखान्यात न्या." निखिलनं छोटंसं नवं मशीन आणून दिलं. सई म्हणाली, मी बंगळूरहून बसल्या बसल्या हलवून देते. वन्सं दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाल्या, "नको. वहिनी करेल."

निखिल म्हणाला, "आत्या, आईनं पायथन..."

"माहीत आहे मला. मीच दुरुस्त केलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. बोलताना दम लागत होता, म्हणून बोटांवर मोजून सांगितलं. "आधी स्नॅपशॉट. मग बिऱ्हाड बंद. मग नव्यावर नक्कल. नक्कल चालते का ते बघायचं. आणि वहिनी... जुनं लगेच पुसायचं नाही."

"नाही पुसणार."

"तू पुसशील. म्हणून सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले, आणि चौसष्ट टक्क्यांवर फोन आला.

त्यानंतर काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण एक गोष्ट नक्की केली. घराबाहेर पडताना मी मेन स्विच बंद केला. लग्न झाल्यापासून करत आलेय. गॅस, नळ, मेन स्विच, कुलूप. माणूस गेलं म्हणून हात थोडेच विसरतात. संध्याकाळी स्मशानातून परत आल्यावर, आंघोळ झाल्यावर, ओल्या केसांनी मी वन्संच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि दोन्ही मशीनं बंद पाहिली, तेव्हा मला कळलं की मी काय आवरलं होतं.

तेरा दिवस मी त्या खोलीत गेले नाही. वामनगुरुजी दिवस करायला आले. ते मशीनबद्दल काही बोलले नाहीत. मीच विचारलं तेव्हा संकोचून म्हणाले, "वडांगळीकडचे एक जण आले होते, ताई. त्यांचं कूळ वाळवीच्या वहीतलं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगतो." ते वन्संच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत होते, मी त्यांच्या पंच्याकडे.

चौदाव्या दिवशी मी जुनं मशीन सुरू केलं. टकटक, टकटक... आणि उठलं. मंदाबाई दारात उभ्या होत्या. "उठलं का वो?" "उठलं." "मंग आता निजू देऊ नका." मी नवंही सुरू केलं आणि पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या, एकीत जुनं मशीन, एकीत नवं. दोन्ही काळ्या, दोन्हींत तीच लुकलुकणारी कांडी. मनात आलं, नव्या मशीनवर ती अर्धवट नक्कल लोंबकळत असेल, ती आधी साफ करावी. स्वच्छ ओट्यावर स्वयंपाक करावा. मी पुसून टाकायचा हुकूम लिहिला, त्र्यंबकचं नाव लिहिलं आणि कळ दाबली.

मशीन म्हणालं, पुसता येणार नाही. या बिऱ्हाडाला पुसण्यापासून संरक्षण दिलेलं आहे.

मला राग आला. नव्या मशीनवर कोण देणार संरक्षण? ते तर मीच मांडलंय. मी खिडकीच्या वरची पट्टी वाचली. ती नव्या मशीनची खिडकी नव्हती.

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. तीन वह्या. कुणाचे आजे, कुणाच्या काशीबाई. माझ्या एका बोटाखाली आले होते आणि निसटले होते, कारण कधीतरी, मला न सांगता, वन्संनी त्या दाराला आतून कडी घातली होती. कुणापासून, ते काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. घरात आम्ही दोघीच होतो.

मग मी त्यांच्या बोटांवरच्या क्रमानं गेले. स्नॅपशॉट. बिऱ्हाड बंद आहे का पाहिलं. नक्कल. मंदाबाईंना सांगितलं की आज घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. त्यांनी मिक्सर सोडून पाट्यावर चटणी वाटली. चौसष्ट झाले. पासष्ट झाले. दुपारी शंभर झाले. नव्या मशीनवर बिऱ्हाड उठलं, आणि मी त्र्यंबकला फोन करून म्हटलं, "गुरुजी, वडांगळी टाका." पलीकडे गुरुजी एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. सात पिढ्या वाचल्या. मी मधे थांबवलं नाही.

जुनं मशीन चालू होतं तोवर माझंही बिऱ्हाड हलवून घ्यावं म्हणून मी 'वहिनी'चे स्नॅपशॉट दाखव म्हटलं. मी कधी एकही काढला नव्हता, त्यामुळे यादी कोरी असेल असं मला वाटलं. यादी वर सरकत गेली, सरकतच गेली. रोमन अक्षरांत वन्संनी नावं दिली होती. 'वहिनींचा-पराक्रम-१'. 'पराक्रम-२'. 'पुन्हा-आवरलं'. 'परवानग्या-का-बदलल्या-देव-जाणे'. 'गंगेचा-उगम-नाशकात'. म्हणजे मी झोपायला गेले की ही बाई माझ्या बिऱ्हाडात शिरायची, मी मोडलेलं पाहायची, त्याला नाव ठेवायची आणि आदल्या फोटोत नेऊन ठेवायची. आणि मी सईला विश्रांतीचं तत्त्वज्ञान सांगत होते. मी एकटीच त्या खोलीत हसत बसले. इतकी हसले की मंदाबाई पाणी घेऊन आल्या. यादीतलं शेवटचं नाव दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाचं होतं. 'वहिनी-चालेल'.

गेल्या आठवड्यात वामनगुरुजी मुद्दाम नाशिकला आले. म्हणाले, कुळात वन्संचं नाव लावायचं राहिलंय, ते त्यांच्याच यंत्रावर लावू. आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. गुरुजींनी आमचं गाव टाकलं, कूळ आलं: माझे सासरे, खाली ह्यांचं नाव, शेजारी माझं. "मुलींची नावं आम्ही लावत नाही खरं म्हणजे," गुरुजी म्हणाले. "त्या सासरच्या वहीत जातात. पण ताईंनी इथे एक रकाना केलाय बघा. मी विचारलं होतं, हा कशाला? तर म्हणाल्या, ज्या कुठेच जात नाहीत त्यांनी काय करायचं, गुरुजी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी चहा प्यायलो," गुरुजी म्हणाले.

त्या रकान्यात मी नाव टाइप केलं. प्रमिला. गुरुजी जन्मसाल सांगत होते, मी लिहीत होते. पुढचा रकाना मृत्यूच्या सालाचा. तो मी मोकळा सोडला आणि कळ दाबली. बघू तरी, म्हटलं. पडद्यावर वन्संच्या शब्दांत ओळ आली: 'साल दिलेले नाही. व्यक्ती हयात आहे असे समजू का?'

गुरुजी माझ्याकडे पाहायला लागले. मी 'हो' म्हटलं.

"ताई," गुरुजी हळूच म्हणाले, "नामावळीत खोटं चालत नाही."

"माहीत आहे मला. तुम्ही जरा थांबा." मी दुसरी खिडकी उघडली, वरची पट्टी दोनदा वाचली, आणि बिऱ्हाडाचा स्नॅपशॉट काढला. बारा वर्षांत स्वतःहून काढलेला पहिलाच, कुणी न सांगता. नाव विचारलं तेव्हा लिहिलं, 'वन्सं-घरी-आहेत'.

"हे काय केलंत?"

"काही नाही. आवरलं."

मग पहिल्या खिडकीत परत गेले आणि साल लिहिलं, बरोबर, चारही आकडे. मशीन क्षणभर थांबलं. मग खाली वन्संची ओळ आली, जी प्रत्येक नोंदीनंतर येते म्हणे: 'नोंद झाली. पुढे?'

मी चहा टाकायला उठले.